जुन्या रस्त्याचा धूर

माझी बहीण लाँड्री चालवते आणि माझी बायको डांबराच्या प्लांटवर इंजिनीअर आहे. दोघींच्या धंद्यांमध्ये एक टेकाड आणि एक तारेचं कुंपण, एवढंच अंतर. वारा कुठून कुठे वाहणार हे माझ्या हातात नाही, हे मी दोघींनाही वेगवेगळं आणि एकत्र बसवूनही सांगून पाहिलेलं आहे. मी बस चालवतो.

ताई माझ्याहून मोठी. खालच्या मजल्यावर राहते, वर आम्ही दोघं; लाँड्री घराला लागूनच. लाँड्रीत तिच्याकडे जास्त करून हॉस्पिटलच्या चादरी येतात. एवढ्या मोठ्या चादरी आत वाळवायला जागा नाही, म्हणून मागच्या मोकळ्या जागेत लांबच लांब दोऱ्या बांधलेल्या आहेत. ऊन चांगलं असेल तेव्हा तिथे पांढऱ्या भिंतींची गल्लीच उभी राहते.

एके दिवशी मी सकाळची पाळी संपवून घरी आलो, तर ताई आमच्या जेवणाच्या टेबलावर एक चादर पसरून बसली होती. चादरीवर बारीक, पिवळट तपकिरी ठिपके होते. कुणीतरी चहा शिंपडल्यासारखे.

"बोट लावून बघ," ताई म्हणाली.

मी बोट लावलं. ठिपका पसरला.

"साबणाने जात नाही. सोड्याने जात नाही. रॉकेलने जातो, पण आजाऱ्याला रॉकेलच्या वासाच्या चादरीवर झोपवू का? तुझी बायको कुठे आहे?"

तेवढ्यात ती आलीच. हेल्मेटने केस चपटे झालेले, बुटांवर धूळ. ताईने तोंड उघडायच्या आत तिने चादर उचलली, नाकाला लावली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरली. मग वळून आमच्याकडे पाहिलं तेव्हा तिचा चेहरा अगदी खुलला होता.

"ताई, ही कुठल्या दोरीवरची? कुंपणाजवळची की घराजवळची?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "हिला वाईट वाटायला हवं होतं," ती मला म्हणाली, "आणि हिला आनंद झालाय."

खरं सांगायचं तर तिला दोन्ही झालं होतं. पण आनंद आधी झाला.

हे काय चाललं होतं ते सांगतो. लाँड्री आणि प्लांट यांच्यामधलं टेकाड हे खरं टेकाड नाही. तो उखडलेल्या रस्त्यांचा ढीग आहे. रस्ता जुना झाला, त्याला खड्डे पडले, की वरचा थर खणून काढायचा, ट्रकमध्ये भरायचा आणि कुठेतरी नेऊन टाकायचा. आणि आमच्याकडे ते 'कुठेतरी' म्हणजे प्लांटची मागची बाजू. प्लांटचे मालक त्याला 'माझी इस्टेट' म्हणायचे. वर्षानुवर्षं इस्टेट वाढत गेली आणि ताईच्या दोऱ्यांच्या दिशेने सरकत आली.

बायकोच्या डोक्यात भुंगा शिरला तो एका कडक उन्हाळ्यात. ढिगाची एक बाजू सपाट करायची होती. फावडं लावलेलं यंत्र आणलं, पण त्याचे दात आत जाईनात. सुटे टाकलेले तुकडे उन्हाने एकमेकांना चिकटून त्यांची शिळा झाली होती. यंत्रवाला वैतागून निघून गेला. ही तिथेच उभी राहिली.

"आपण सगळे याला कचरा म्हणतो," संध्याकाळी ती मला म्हणाली. "पण ते मेलेलं असतं तर आपोआप चिकटलं कशाला असतं? आतलं डांबर अजून जिवंत आहे. खडी तर खडीच आहे, ती कुठे जाते? मग आपण दर वेळी नवा डोंगर का फोडतो?"

मी म्हटलं, "मला विचारू नकोस, मी नुसता वरून जातो."

तेव्हा दिवसही तसेच होते. जवळची खाण संपत आली होती आणि डांबराचे टँकर येतील तेव्हा खरे. मालकांनी तिला जुना माल पुन्हा वापरून पाहायची परवानगी दिली, एका अटीवर: ड्रमला काही होता कामा नये.

ड्रम म्हणजे प्लांटचा जीव. लांबीला माझ्या बसएवढा, आडवा, एका बाजूला किंचित कललेला लोखंडी पिंप, आणि तो सारखा फिरत असतो. वरच्या टोकाला बर्नरची ज्योत आत घुसते आणि त्याच तोंडातून खडी आत पडते. खडी घुसळत, तापत, वाळत खाली सरकते. शेवटाजवळ तिच्यावर गरम डांबर फवारतात, आणि दुसऱ्या तोंडातून काळा, वाफाळता माल ट्रकमध्ये पडतो. चिमणीतून रोज धूर निघतो तो पांढरा. तो खरा धूर नाहीच, खडीतल्या ओलीची वाफ.

बायकोने पहिल्यांदा सरळ मार्ग धरला. ढिगातले तुकडे फोडून बारीक केले आणि नव्या खडीबरोबर बर्नरच्या तोंडाशी सोडून दिले. बाहेर आलेला माल बरा होता. चिमणीतून मात्र निळा धूर निघाला, आणि वारा त्या दिवशी ताईकडे होता.

"रोज पांढरा आणि काल निळा," ताई त्या टेबलापाशी बसून म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, पण प्रश्न त्याच्या पुढे येऊन बसला होता. "का?"

बायको तिच्यासमोर बसली. "पांढरं ते पाणी. वर जातं, विरून जातं. निळं ते तेल. जुन्या तुकड्यांवरच्या डांबराला थेट ज्योत लागली, त्यातलं तेल जळलं आणि त्याचे इतके बारीक थेंब झाले की ते धुरासारखे दिसतात. ते विरत नाहीत. कुठेतरी जाऊन बसतात."

"माझ्या चादरींवर."

"हो."

ताईने जरा विचार केला. "म्हणजे जुन्यातलं डांबर वाचवायचं म्हणून तू ते आत घालतेस, आत गेल्यावर ते जाळतेस, आणि मग वर नवीन फवारतेस."

"हो," बायको म्हणाली. "सध्या तसंच होतंय."

मला वाटलं, आता भांडण. पण ताई म्हणाली, "पुढच्या वेळी सुरू करायच्या आधी मला सांग. चादरी आत घेते. आणि दोऱ्यांवर फाटक्या लावते. बघू तरी किती येतं आणि कुठवर येतं."

तिथून हे प्रकरण माझ्या घरात राहायलाच आलं. ताईने टाकाऊ चादरींच्या पट्ट्या फाडल्या. लाँड्रीत कुणाचा कपडा कुठला हे कळावं म्हणून कोपऱ्यात रंगीत दोरा घालतात, तसा प्रत्येक पट्टीला घातला. लाल दोऱ्याची कुंपणावर, हिरव्या दोऱ्याची दोरीवर, निळ्याची आमच्या गच्चीत, पिवळ्याची चिमणीच्या शिडीवर. एक तर तिने माझ्या बस थांब्याच्या खांबाला बांधली. प्रवासी विचारायचे हा काय नवस आहे का, आणि मी म्हणायचो, माझ्या बहिणीला विचारा.

चाचणी झाली की दोघी पट्ट्या गोळा करून खिडकीत लावायच्या. मी चहा करायचो. ठिपके कमी कुठे, जास्त कुठे, यावर त्यांचं जे काही चालायचं त्यात माझं काम फक्त कप उचलणं एवढंच असायचं. लग्न झाल्यापासून नणंद-भावजय एकमेकींशी सांभाळून, मोजूनमापून बोलत. आता मोजमाप पट्ट्यांवर गेलं आणि बोलणं मोकळं झालं.

एवढं कळलं की जुना माल कमी घातला की ठिपके कमी. पण तो इतका कमी घालावा लागे की त्या हिशेबाने ढीग संपायला आमची नातवंडंही पुरली नसती. बायको कंटाळली नाही, पण गप्प झाली. तिचं गप्प होणं मला ओळखता येतं: ती चहात साखर घालते आणि ढवळायची विसरते.

मग एक दिवस पट्ट्या कोऱ्या आल्या.

जुना माल नेहमीएवढाच घातला होता. ताई दोनदा कुंपणापर्यंत जाऊन पाहून आली. "वारा आपल्याकडेच होता," ती म्हणाली. "दोरीवरची पट्टी घराकडे झुकली होती, मी स्वतः बघितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने बर्नरवाल्याला धरलं. या माणसाला सगळे 'जराथांब' म्हणतात, कारण काहीही विचारा, त्याचं उत्तर तिथून सुरू होतं. ज्योत लहानमोठी करणं हे त्याचं काम आणि त्यात त्याच्यासारखा कुणी नाही.

"काल वेगळं काय केलंस?"

"जरा थांबा," तो म्हणाला. "मी काही नाही केलं. पण माल थंड निघाला काल. रोलरवाल्याने एक ट्रक परत पाठवला आणि वर माझ्या सात पिढ्या काढल्या. मी ज्योत वाढवत होतो, वाढवत होतो, तापेचना."

ढिगापाशी जाऊन पाहिलं तर जमीन ओली. आवारात धूळ बसवायला पाण्याचा टँकर फिरतो. त्याचा नळ गळत होता, आणि चालकाने तो परवा नेमका ढिगाला खेटून उभा केला होता. जुना माल चिंब भिजलेलाच आत गेला होता.

संध्याकाळी तिने हे ताईला सांगितलं. "ज्योतीने आधी पाणी खाल्लं. पाणी असेपर्यंत आतलं डांबर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापूच शकत नाही. म्हणून जळलं नाही."

"म्हणजे ओल्या कापडावरून इस्त्री फिरवल्यासारखं," ताई म्हणाली.

"जवळजवळ. पण तुमचं कापड वाळून निघतं, माझा माल थंड निघाला. भिजवून नाही चालणार. उलट ढिगावर छप्पर घालावं लागेल, नाहीतर पाणी तापवण्यातच सगळं इंधन जाईल." ती कप फिरवत राहिली. "पण एक समजलं. जुन्या मालाला उष्णता चालते. त्याला ज्योत चालत नाही."

प्लांट बंद असलेल्या दिवशी तिने ड्रमचं झाकण काढायला लावलं आणि ती आत उतरली. पाठोपाठ ताई. तिला कुणी बोलावलं नव्हतं. चादरी सकाळीच वाळत घालून झाल्या होत्या, एवढंच ती म्हणाली. मी टॉर्च धरायला. जराथांब बाहेर, विजेच्या खटक्यापाशी, खटक्याची किल्ली खिशात घालून.

आतून तो ड्रम मोठ्या पाइपसारखा दिसतो. भिंतीला सगळीकडे वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या जोडलेल्या असतात. ड्रम फिरला की या पट्ट्या खडी उचलून वर नेतात आणि वरून सोडून देतात, म्हणजे आत सतत खडीचा पाऊस पडत असतो. बर्नरच्या बाजूला पट्ट्यांवर काळी, जळकी खरपुडी चढली होती, दूध करपलेल्या पातेल्यासारखी. ताईने नखाने ती खरवडली. आणखी आत, मधल्या भागात गेलो, तर लोखंड स्वच्छ. खडीने घासून घासून चकचकीत झालेलं.

"इथे काहीच नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज ड्रममध्ये घुमला आणि ती स्वतःच दचकली.

बायको बर्नरच्या तोंडाकडे बघत उभी होती. मग तिने ओरडून विचारलं, "ड्रम चालू असताना त्या भोकातून तुला काय दिसतं रे?"

बर्नरपाशी ज्योत पाहायला एक छोटं काचेचं भोक असतं. जराथांबचा अर्धा दिवस त्याला डोळा लावण्यात जातो.

"जरा थांबा," बाहेरून आवाज आला. "रिकामा असला तर पार शेवटपर्यंत दिसतं. खडी सुरू झाली की नाही दिसत. खडीच दिसते. पडदा टाकल्यासारखी."

"पलीकडचं काही?"

"नाही. पलीकडचं काही नाही."

बायको जिथे उभी होती तिथून दोन पावलं मागे सरकली, मधल्या चकचकीत भागात. "म्हणजे इथे उभं राहिलं तर ज्योत दिसणार नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "तापलेली खडी मिळेल, गरम हवा मिळेल, पण ज्योत नाही."

"मग जुना माल इथूनच आत घाल ना," ताई म्हणाली आणि तिने ड्रमच्या भिंतीवर हात ठेवला.

"तो फिरतो, ताई. फिरत्या ड्रमला दार कुठे लावू?"

त्याच प्रश्नावर आम्ही पुढे बरेच दिवस काढले. जेवणाच्या टेबलावर माझा बिस्किटांचा डबा आडवा पडला, त्याला मध्यावर चिरा पडल्या. त्याच्याभोवती पुठ्ठ्याचं कडं आलं. कडं स्थिर, आत डबा फिरता. कड्यात वरून तांदूळ टाकायचे. डब्याच्या चिरा खालून फिरत येताना ते उचलतात का आत, हे बघायचं. पहिल्या कड्यातून सगळे तांदूळ जमिनीवर आले. दुसऱ्यात अडकून बसले. ताईने सुचवलं की चिरेला पन्हाळीसारखे ओठ काढ. ते चाललं नाही. मग बायकोने ओठ उलट्या बाजूला वळवले आणि तांदूळ डब्यात गेले. दोघी बराच वेळ डबा फिरवत बसल्या. आता काही सिद्ध करायचं राहिलं नव्हतं, बघायला छान वाटत होतं म्हणून.

मालकांनी डबा पाहिला, फिरवूनही पाहिला, आणि नाही म्हणाले. "ड्रम माझ्या वडिलांनी आणला. माझी अट काय होती? मी त्याला भोकं पाडू देणार नाही. बंद करा हा उद्योग."

बायको घरी येऊन खुर्चीत बसली ती बूट न काढता. ताईने ऐकून घेतलं आणि ती खाली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बसमध्ये चढली, काखेत पट्ट्यांचं गाठोडं. टेकाडाला वळसा घालून बस प्लांटच्या थांब्यावर आली तेव्हा उतरली. पुढचं मला जराथांबने सांगितलं, कारण तो तेव्हा मालकांच्या केबिनच्या दारात उभा होता.

ताईने टेबलावर पट्ट्या मांडल्या. मालकांचा चेहरा पडला. लाँड्रीवाल्या बाई तक्रार घेऊन येणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"बाई, तुमचं म्हणणं रास्त आहे," ते म्हणाले. "ते सगळं मी कालच बंद केलंय. तुम्हाला आता त्रास होणार नाही."

"मी बंद करा म्हणायला नाही आले," ताई म्हणाली. "भोकं पाडा म्हणायला आलेय."

मालकांनी चष्मा काढला. "त्यात तुमचा काय फायदा?"

"तुम्ही थांबलात तर ढीग थांबणार आहे का? तो माझ्या दोऱ्यांवर येतोय. आणि ही पट्टी बघा, हिरव्या दोऱ्याची. कोरी आहे. ज्योत लागली नाही की धूर होत नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. आता ते मधून घातलं तर खरंच होतं का, हे मला बघायचंय."

"नाही झालं तर?"

"तर मी तक्रार करीन," ताई म्हणाली.

मालक हसले, असं जराथांब सांगतो. मला ते खरं वाटत नाही. मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही. पण त्याच आठवड्यात डांबराचा टँकर पुन्हा आला नाही, दोन ट्रक रिकामे उभे राहिले, आणि मालकांनी वेल्डरला निरोप धाडला.

कापायच्या दिवशी ते स्वतः खुर्ची टाकून बसले होते. गॅसची पहिली ठिणगी उडाली तेव्हा त्यांनी मान वळवली. मी दुपारी पुन्हा गेलो तेव्हा ते ड्रमला खेटून उभे होते, हातात खडू, आणि वेल्डरला सांगत होते की ही रेघ अर्धं बोट चुकली आहे.

कडं बसलं. जुना माल वर न्यायला वेगळा सरकता पट्टा आला. ज्या दिवशी पहिल्यांदा सुरू करणार होते त्या दिवशी मी रजा घेतली. जराथांबने नवी खडी नेहमीपेक्षा जास्त तापवली, कारण तिला आता आपली उष्णता जुन्या मालाला द्यायची होती. मग पट्टा सुरू झाला. कड्यातून धडधड आवाज येत होता. आम्ही सगळे चिमणीकडे बघत होतो.

पांढरा धूर येत होता. मग थोडा करडा झाला. बायकोने ओठ चावला. मग पुन्हा पांढरा झाला आणि तसाच राहिला.

ट्रकमध्ये पडलेला माल काळाभोर, वाफाळता, आणि तापमान जेवढं हवं तेवढं. संध्याकाळी पट्ट्या आल्या. चिमणीच्या शिडीवरच्या पट्टीवर थोडे ठिपके होते, बाकी कोऱ्या. ताईने त्या शिडीवरच्या पट्टीला बराच वेळ हात लावून पाहिलं. "हे थोडंसं का राहिलं असेल?" ती म्हणाली. बायको म्हणाली, "तेच मी विचार करतेय." आणि दोघी पुन्हा सुरू झाल्या.

तो माल डेपोसमोरच्या उतारावर टाकला. तिथे सगळ्या बस ब्रेक लावतात, म्हणजे रस्त्याची खरी परीक्षा. रोलर फिरला, माल निवला, आणि पहिली बस मी नेली. नवा रस्ता चाकाखाली एक विशिष्ट आवाज करतो, दबका, पावलांखाली सतरंजी असावी तसा. हा तसाच करत होता. डेपोतल्या माणसांना विचारलं तर कुणालाच फरक सांगता येईना. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला.

थंडी पडली आणि एका सकाळी, ऊन तिरपं असताना, मला बसच्या काचेतून त्या उतारावर रेघा दिसल्या. भेगाळलेल्या टाचेसारख्या, बारीक. मी डेपोतून तिला फोन केला. ती आली तेव्हा मी बस आडवी लावून मागची रहदारी अडवली. ती रस्त्यावर गुडघे टेकून बसली आणि भेगेत नख घालून बघू लागली. प्रवासी खिडक्यांतून वाकले. काही जण उतरलेच.

"काही पडलंय का तुमचं?" एका म्हाताऱ्या प्रवाशाने विचारलं.

"पडलं नाही," ती म्हणाली. "पण शोधतेय."

तोही शेजारी उकिडवा बसला.

 बायको चार दिवस चहा न ढवळता प्यायली. मग ताई तिला म्हणाली, "माझ्यासमोर बसून विचार कर. मला कळलं नाही तर विचारीन."

बायको तिला प्लांटच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथे एक साधं उपकरण आहे: डबीत डांबर ओतायचं, ते ठरावीक तापमानाला ठेवायचं, आणि वरून एक वजन लावलेली सुई सोडायची. सुई किती आत गेली त्यावरून डांबर किती मऊ ते कळतं. नव्या डांबरात सुई सरळ उतरली. मग तिने जुन्या तुकड्यांतून काढलेल्या डांबराची डबी ठेवली. सुई टेकली आणि जवळपास तिथेच थांबली.

"वर्षानुवर्षं ऊन आणि हवा खाऊन ते कडक झालंय," बायको म्हणाली. "मी समजत होते वितळलं म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं झालं. तसं नाही. आता ते नव्यालाही कडक करतं. थंडीत रस्ता आकसतो, त्याला थोडं ताणता यायला हवं. याला येत नाही."

"मग नवं डांबर अजून मऊ घे," ताई म्हणाली. "दोन्ही मिळून बरोबर होईल असं."

"तेच करणार आहे. पण किती मऊ, हे माहीत नाही."

ताईने ती सुई स्वतः सोडून पाहिली. मग आणखी एकदा. "हे छान आहे," ती म्हणाली आणि पुढची डबी मागितली.

फार मऊ डांबर मिळवायला बायकोला दोन ठिकाणी हात जोडावे लागले. डब्यांवर डब्या भरल्या गेल्या. जुनं इतकं, मऊ इतकं, आणि सुई जिथे उतरायला हवी तिथे उतरेपर्यंत. मग उतारावर रस्त्याच्या भेगा पडलेल्या पट्ट्याला लागूनच दुसरा पट्टा टाकला. मालक म्हणाले की हे शेवटचं. ते तसं आधीही म्हणाले होते.

त्यानंतर करायला काही उरलं नाही, फक्त वाट बघायची. रस्त्याच्या कामात हेच सगळ्यात अवघड. पुढची थंडी येऊन जाईपर्यंत कुणी काही सांगू शकत नाही. माझी बस रोज दोन्ही पट्ट्यांवरून जायची, डावं चाक जुन्या चुकीवर, उजवं नव्या प्रयत्नावर. संध्याकाळी दोघी विचारायच्या, आज काय? आणि मी म्हणायचो, आज काही नाही. काही नाही हीच बातमी चांगली होती, पण ती रोज देताना मला उगाच संकोच वाटायचा.

थंडी आली आणि गेली. पहिल्या पट्ट्यावरच्या भेगा रुंदावल्या. दुसऱ्यावर एकही आली नाही. बायको पुन्हा गुडघ्यांवर बसून बघून आली, ताई दुसऱ्या बाजूने. मालकांनी भेगा पडलेला पट्टा खणून काढायला सांगितला, आणि तो प्लांटवर परत गेला, ढिगात नाही, थेट कड्यात.

आता ढिगावर छप्पर आहे आणि ढीग त्याच्याखाली मावतो. इतर ठिकाणची माणसं कडं बघायला येतात. त्यांच्याकडून कळलं की दूरच्या एका प्लांटवर वेगळीच तऱ्हा आहे: तिथे जुना माल ड्रममध्ये जातच नाही, खाली घुसळणीच्या वेगळ्या पिंपात तापलेल्या खडीबरोबर मिसळतात. आणि तिथे म्हणे एका रस्त्याचा माल आता तिसऱ्यांदा वापरायची तयारी चालली आहे.

"तिसऱ्यांदा?" ताई म्हणाली. "किती वेळा चालत असेल हे?"

"कुणालाच माहीत नाही," बायको म्हणाली. "अजून तेवढी वर्षंच झालेली नाहीत."

पुढच्या सुट्टीला दोघी तो प्लांट बघायला निघाल्या. त्या मार्गावर नेमकी माझीच पाळी होती. पुढच्या सीटवर शेजारी बसल्या आणि वाटभर बोलत राहिल्या: घुसळणीत वाफ कोंडत असेल का, तिथे चिमणीजवळ पट्टी लावू देतील का, मऊ डांबर तिसऱ्या वेळी आणखी मऊ घ्यावं लागेल की काही तिसरंच. ताईने पिशवीत पट्ट्या आणल्या होत्या. मी मधून एकदा काही विचारलं, तर दोघींनी एकदमच उत्तर दिलं आणि दोघींची उत्तरं वेगळी होती, मग त्या त्यावर बोलू लागल्या.

थांबा आला. प्लांट रस्त्यापासून बराच आत होता, झाडांच्या मागे नुसती चिमणी दिसत होती. उतरताना बायकोने मला परतीची वेळ विचारली. मी सांगितली. तिने ऐकली की नाही कोण जाणे, कारण ताई तोवर पुढे चालायला लागली होती, आणि तिला गाठायला ही भरभर पावलं टाकत निघाली.